जुन्या इंग्लिश इनचं वय: पाटीवरचं आणि लाकडातलं

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही ब्रिस्टलला मुलीकडे आला आहात, रविवारी सगळे मिळून सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातल्या जॉर्ज इनमध्ये (इन म्हणजे प्रवाशांना उतरायची-जेवायची जुनी जागा) जेवायला गेलात. तिथल्या पाटीवर चौदाव्या शतकातली म्हणून वाचलं, शेजारच्या टेबलवरचे गृहस्थ म्हणाले की आतल्या तुळया जुन्या जहाजांच्या आहेत, आणि जावई म्हणाले हे सगळं टुरिस्ट लोकांसाठी नंतर उभं केलेलं असतं. तुम्ही विचारलंय की यातलं खरं कोण, वरचे मजले रस्त्याच्या बाजूला पुढे का आलेत, आणि आतली जमीन इतकी उतरती असून हे पडत कसं नाही.

मी इथे नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींची दुरुस्ती करतो, घरं जास्त, पण खेड्यातले पब आणि इन्सही बरेच हाताखालून गेलेत, त्यामुळे जमेल तेवढं नीट सांगतो. जॉर्जवर मी स्वतः काम केलेलं नाही. तिच्याबद्दल जे लिहितोय ते जाहीर माहितीवरून आणि गिऱ्हाईक म्हणून पाहिलेल्यावरून, बाकीचं माझ्या कामावरून.

तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही तिघंही असं धरून चाललात की इमारतीला एकच वय असतं, मग ती एकतर चौदाव्या शतकातली किंवा खोटी. इनच्या बाबतीत असं जवळजवळ कधीच नसतं. इन म्हणजे धंद्याची जागा, तिथे रोज माणसं, घोडे, माल, धूर, पाणी, आणि पैसा आला की मालक काहीतरी पाडणार, वाढवणार, तोंडावळा बदलणार. म्हणून 'इमारत किती जुनी' असं न विचारता 'हा तुकडा कधीचा आणि तो कोणाला कशासाठी लागला' असं एकेका भागाबद्दल विचारायचं, मग बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

जॉर्जचंच घ्या. खालचा मजला दगडी आहे, मधे मोठी कमान, आणि वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे. दगडी भाग चौदाव्या शतकातला आणि वरचं लाकडी काम पंधराव्या शतकातलं मानतात. म्हणजे पाटी खोटी बोलत नाही, पण तुम्ही रस्त्यावरून ज्याचा फोटो काढला तो वरचा काळा-पांढरा भाग पाटीवरच्या शतकातला नाही. ही इन बांधली जवळच्याच हिंटन चार्टरहाऊसच्या कार्थुसियन मठाने (कार्थुसियन म्हणजे एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा पंथ), तो मठ १२३२ चा. मठाकडे मेंढ्या आणि लोकर, गावात लोकर-कापडाची जत्रा भरायची, व्यापारी लांबून यायचे, त्यांना उतरायला जागा आणि माल ठेवायला कोरडी, कुलूपबंद जागा हवी. वरचा मजला लोकर-कापडासाठी वापरायचे असं मानलं जातं आणि इमारतीकडे बघितलं तर ते पटतं, कारण माल तळाच्या ओलीपासून लांब राहतो आणि रात्री कोणी वर चढलं तर कळतं. पुढे १५३९ मध्ये मठच बंद झाला, इन मात्र चालू राहिली. १६८५ मध्ये ड्यूक ऑफ मन्मथने राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध केलेल्या बंडात त्याचं सैन्य या गावात होतं आणि २७ जूनला इथे चकमक झाली, हे इतिहासात पक्कं आहे. तो कुठल्या खोलीत झोपला, कुठल्या खिडकीत उभा होता वगैरे कथा मात्र जरा बाजूला ठेवून ऐकाव्यात, लाकडावर त्याची सही नसते.

आता वरचे मजले पुढे का आलेत. याला इथे जेटी म्हणतात आणि यावर नेटवर फार काय काय लिहिलंय. जमिनीवरच्या जागेवर कर होता म्हणून वर जागा वाढवली, हे तर सगळीकडे वाचाल. मला ते पटत नाही, कारण मोकळ्या खेड्यात, जिथे आजूबाजूला वाट्टेल तेवढी जागा आहे, तिथेसुद्धा लोकांनी जेट्या काढल्यात. मला कामावरून जी कारणं दिसतात ती अशी. एक तर लाकडाचा हिशोब. दोन-तीन मजले सलग जाणारा ओकचा सरळ खांब मिळणं कठीण आणि महाग, त्यापेक्षा प्रत्येक मजल्याचा सांगाडा वेगळा करून पेटीवर पेटी ठेवल्यासारखा रचला तर आखूड लाकडात काम भागतं, आणि एकदा मजले वेगळे झाले की वरचा फूट-दीड फूट पुढे घ्यायला फार अडचण नाही. दुसरं, कड्या, म्हणजे वरच्या मजल्याची जमीन ज्यांवर टेकते ती लाकडं. त्या काळी कड्या आडव्या टाकायचे, म्हणजे रुंद बाजू खाली, आठ-नऊ इंच रुंद आणि पाच-सहा इंच जाड अशा, आजच्यासारख्या उभ्या नाही. अशी आडवी कडी मधे झोळ खाते. पण तिचं टोक खालच्या भिंतीच्या बाहेर काढलं आणि त्या टोकावर वरची भिंत बसवली की बाहेरचं वजन टोकाला खाली दाबतं आणि मधला भाग उचलून धरतं, खांद्यावरची कावड जशी एका बाजूच्या वजनाने दुसरी बाजू सावरते तसं. म्हणजे तुम्हाला जे पुढे पडायला आल्यासारखं वाटलं तेच जमिनीला आतून ताठ ठेवतंय. तिसरं कारण पाऊस, वरचा मजला खालच्या भिंतीवर छत्री धरतो. आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात मोठं, दिमाख. जेटीला कामही जास्त आणि कौशल्यही जास्त लागतं, आणि रस्त्यावरून येणाऱ्या व्यापाऱ्याला लांबूनच कळलं पाहिजे की ही जागा बड्या मालकाची आहे. दगडाच्या मुलखात, जिथे शेजारची घरं सगळी दगडाची, तिथे असा लाकडी दर्शनी भाग काढणं म्हणजे मुद्दाम केलेली जाहिरात आहे.

जेटी दोन बाजूंनी असेल, म्हणजे इमारत चौकाच्या कोपऱ्यावर असेल, तर आत छताकडे बघा. कोपऱ्याकडे तिरकी जाणारी एक जाडजूड तुळई दिसेल, तिला ड्रॅगन बीम म्हणतात, आणि दोन्हीकडच्या कड्या तिच्यात येऊन बसतात. मला स्वतःला अख्ख्या सांगाड्यात ही जागा सगळ्यात आवडते, कारण सुताराचा हात किती तयार होता ते तिथे कळतं.

आता जहाजाच्या तुळया. ही गोष्ट इंग्लंडमधल्या निम्म्या जुन्या पबांत सांगतात आणि सांगणारे मनापासून सांगतात, म्हणून वाद घालू नका, पण खरी जवळजवळ कुठेच नसते. समुद्रापासून लांबच्या गावात ओकची झाडं कुंपणापलीकडे असताना बैलगाडीने जहाजाचं लाकूड कोण आणेल, आणि जहाजाची बरीचशी लाकडं वाकडी असतात, घराला सरळ लागतात. ही समजूत येते कुठून, तर तुळयांवर दिसणाऱ्या रिकाम्या खाचा आणि भोकं यातून. लोकांना वाटतं याचा इथे काही उपयोग नाही म्हणजे हे लाकूड दुसरीकडून आलं. कधी कधी येतंही, पण दुसऱ्या घरातून. बहुतेक वेळा मात्र ती भोकं त्याच खोलीचा इतिहास असतात.

हे जरा जवळून सांगतो, कारण पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बघू शकाल. मोबाईलचा टॉर्च तुळईला जवळजवळ टेकवून तिरका मारा, समोरून मारू नका, समोरून काही दिसत नाही. तुळईच्या खालच्या अंगाला ठरावीक अंतरावर गोल भोकांची ओळ दिसली, तर तिथे एकेकाळी कूड होता. उभ्या काठ्या वरच्या भोकात घालायच्या, खालच्या लाकडात सलग चर असतो त्यात सरकवायच्या, मधे कामट्या विणायच्या आणि वरून माती, शेण, गवत यांचा लेप, आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचाच प्रकार. तेव्हा आज जी एक लांबलचक जेवणाची खोली दिसते ती पूर्वी दोन-तीन खोल्या होत्या, हे ती भोकांची ओळ सांगते. आयताकृती खोल खाच आणि तिच्या बाजूला आरपार गोल भोक दिसलं तर तिथे खांब किंवा तिरकं लाकूड बसायचं, त्याचं कुसू (टोकाला तासून काढलेली जीभ) त्या खाचेत आणि गोल भोकात ओकची खुंटी. ही भोकं मुद्दाम किंचित मागेपुढे पाडायचे, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो, लोखंडी खिळा लागत नाही.

मग सुताराच्या खुणा बघा. अख्खा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा जुळवायचे, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा कोरायचे, मग सुटा करून गाडीत घालून जागेवर उभा करायचे. आकडे सरळ रेघांचे, कारण पटाशीने गोल काढणं त्रासाचं, चारासाठी चार उभ्या रेघा, पाचासाठी दोन रेघांचा कोन. ओळीने आकडे लागले तर तो सांगाडा जसाच्या तसा आहे. मधेच आकडा उडाला किंवा क्रम उलटा झाला तर तिथे कोणीतरी नंतर हात घातलाय.

आणखी एक खूण, ही माझी आवडती. बऱ्याच तुळयांवर कुऱ्हाडीचे बारीक तिरके टाचे असतात, शेकड्यांनी. पबमध्ये कोणी सांगेल तलवारीचे वार आहेत. ते गिलाव्याचे टाचे आहेत. अठराव्या शतकाच्या आसपास उघडी लाकडं गावंढळ वाटायला लागली, तेव्हा लोकांनी तुळयांवर पट्ट्या मारून चुन्याचा गिलावा केला आणि तो धरावा म्हणून लाकडाला टाचे मारले, पुढे शंभर-दीडशे वर्षांनी परत उघड्या तुळयांची हौस आली आणि गिलावा खरवडून काढला. आता त्याच तुळईची खालची कड बघा, ती जर छान तिरकी तासलेली असेल आणि टोकाला त्या तासणीचा नक्षीदार शेवट असेल, तर मूळ सुताराने ती दिसण्यासाठीच केली होती. म्हणजे एकाच लाकडावर तीन काळ आले, दाखवली, झाकली, परत दाखवली. जावयांचं म्हणणं इथे थोडं खरं आहे, आज दिसणारं रूप बऱ्याच ठिकाणी विसाव्या शतकातल्या माणसाने निवडलेलं असतं, पण लाकूड त्याने आणलेलं नसतं.

पूर्ण खोटंही असतं बरं का. १९२०-३० च्या सुमारास बिअर कंपन्यांनी मुद्दाम ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातले वाटावेत असे, पब बांधले, आणि नंतरच्या काळात तर पोकळ फोमच्या तुळया चिकटवल्यात. बोटाने टकटक केली की कळतं. लाकूड खरं असलं तरी त्यावर गोल करवतीच्या कमानीसारख्या रेघा असतील तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडचं, जुन्या हातकरवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या अंतराच्या असतात. आणि त्या जाड आडव्या कड्यांऐवजी अरुंद उभ्या कड्या दिसल्या तर ती जमीन नंतर घातलेली, हे बहुतेक वेळा बरोबर निघतं.

इथवरचं एका वाक्यात: पाटी एका तुकड्याचं साल सांगते, बाकीच्या तुकड्यांचं साल सांधे, टाचे आणि करवतीच्या रेघा सांगतात.

कमानीबद्दल थोडं. मोठ्या इन्सचे ढोबळ दोन प्रकार, एक रस्त्यालगत सलग उभी इमारत आणि दुसरा मधल्या अंगणाभोवती चारही बाजूंनी खोल्या, वर लाकडी गॅलरी. ग्लॉस्टरची न्यू इन पंधराव्या शतकातली, गॅलरीचा प्रकार बघायचा तर ती बघा, शहरात आहे पण जरूर जा. जॉर्जमध्ये पुढे भरभक्कम दर्शनी इमारत आणि मागे अंगणात गॅलरी. कमानीतून घोडे आत, मागे पागा आणि गवत, आणि रात्री दरवाजा बंद केला की सगळा माल सुरक्षित. नंतर १७८४ मध्ये ब्रिस्टल-लंडन मार्गावर टपालगाड्या सुरू झाल्या, हमरस्त्यावरच्या इन्सचा धंदा तेजीत आला आणि अनेकांनी कमानी उंच-रुंद केल्या, पुढून विटांची नवी जॉर्जियन भिंत चढवली, सरकत्या खिडक्या बसवल्या. म्हणून समोरून अठराव्या शतकातली दिसणारी इन आतून तीनशे वर्षं जुनी निघू शकते, तिच्या बाजूच्या बोळात जाऊन छपराचा उतार बघा, फार उभा उतार असेल तर आतला सांगाडा जुना असण्याची शक्यता जास्त. १८४१ पर्यंत लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि त्या रस्त्यावरचा धंदा बसला. ज्या इन्सकडे त्यानंतर पैसा राहिला नाही त्यांचं नूतनीकरण झालं नाही आणि जुनं काम वाचलं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

याच्या उलटी केसही सांगतो. वूस्टरशरमधलं ब्रेटफर्टन गाव, तिथली फ्लीस इन. इमारत मध्ययुगीन शेतकऱ्याचं घर, पण दारूचा परवाना १८४८ चा. म्हणजे इमारत जुनी, इन म्हणून नवी. १९७७ मध्ये शेवटच्या मालकीणबाईंनी ती नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) दिली, २००४ मध्ये छपराला आग लागली, दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी परत उघडली. आता तिचं वय काय सांगाल? छप्पर एकविसाव्या शतकातलं, परवाना एकोणिसाव्या, खालचे खांब त्याच्या कितीतरी आधीचे. माझ्या लेखी ती अस्सलच आहे.

काळा-पांढरा रंग हा मात्र अनेकदा व्हिक्टोरियन काळातली फॅशन. उघडा ओक ऊन-पावसात राखाडी-चंदेरी होतो, आणि बऱ्याच ठिकाणी लाकूड आणि भिंत दोन्हीवर सरसकट चुन्याची सफेदी मारायचे. काळा डांबरी रंग मला का नको वाटतो तर तो फुगतो, तडकतो, आत पाणी घेतो आणि बाहेर सोडत नाही.

हेच पाणी आणि तुमचा शेवटचा प्रश्न, पडत कसं नाही. ओक हिरवा असतानाच वापरायचे, वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. उभारल्यावर तो वर्षानुवर्षं वाळत राहतो, आकसतो, पीळ खातो, आणि सगळा सांगाडा खुंट्यांनी जोडलेला असल्यामुळे तो हलतो पण सुटत नाही. तुम्हाला जो उतार दिसला तो बहुधा पहिल्या काही दशकांतच आलेला असणार. खात्री करायची तर दारं बघा. दार चौकोनी नसून चौकटीच्या तिरकेपणाला जुळेल असं कापलेलं असेल, आणि दार जुनं असेल, तर ती हालचाल दार बसवायच्या आधीच थांबलेली होती. गिलाव्यातल्या भेगेच्या कडा मळलेल्या, रंग आत गेलेला असेल तर जुनी, कडा धारदार आणि आतून स्वच्छ असेल तर ताजी, तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. ताजी दिसली तरी आम्ही लगेच टेकू लावत नाही, खुणा लावून किमान वर्षभर चारही ऋतूंत मोजतो, कारण लाकूड ओल्या हिवाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. इथे मात्र फोटोवरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, मधली आडवी तुळई कोणी चिमणी घालताना किंवा दार काढताना कापली असेल तर सगळं गणित बदलतं.

मला उताराची भीती वाटत नाही, सिमेंटची वाटते. एका पबमध्ये (नाव सांगत नाही) बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा होता, दिसायला एकदम टकाटक. तो काढला तर खांबाच्या पायथ्याशी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, लाकूड ओल्या केकसारखं. गुडघ्याच्या उंचीवर तोच खांब असा टणक की टोक टेकवलं तर खूण उमटेना. शेकडो वर्षं चुन्याच्या गिलाव्यामागे तो कोरडा राहिला होता, कारण चुना ओल शोषतो तशी बाहेरही सोडतो, सिमेंटला बारीक चीर पडते, पाणी आत जातं आणि अडकतं. आम्ही फक्त कुजलेला भाग कापून नव्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला आणि बाकी खांब जागच्या जागी ठेवला, बाहेर परत चुना. १८७७ पासून इथे जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था आहे, विल्यम मॉरिसने काढलेली, तिचं म्हणणंच हे की जुनं दिसावं म्हणून नवं करू नका, जे आहे ते टिकेल एवढंच करा. मी त्याच विचाराने काम करतो.

नक्की साल हवं असेल तर एकच खात्रीचा मार्ग, लाकडाच्या वलयांवरून काळ काढणं. पेन्सिलीएवढा गाभा ड्रिलने काढतात, वलयांच्या जाडीचा क्रम माहीत असलेल्या क्रमाशी जुळवतात. साल म्हणजे झाडाची साल लाकडावर शिल्लक असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं तेसुद्धा कळतं, आणि हिरवाच ओक वापरत असल्यामुळे बांधकाम त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत धरायला हरकत नाही. साल गेली असेल तर काही दशकांची फट राहते. पन्नासच्या आसपास तरी वलयं लागतात, झाड भराभर वाढलेलं असेल तर वलयं कमी पडतात आणि निकाल येत नाही. आणि हे साल त्या एका लाकडाचं, अख्ख्या इनचं नाही.

हे काही न करता घरबसल्या करण्यासारखं म्हणजे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची संरक्षित इमारतींची यादी, ऑनलाइन आहे, फुकट आहे, गावाचं नाव टाकलं की निघते. जॉर्ज त्यात पहिल्या श्रेणीत आहे, या श्रेणीत यादीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारती असतात. नोंदीत कुठला भाग कुठल्या शतकातला ते थोडक्यात दिलेलं असतं, ते प्रिंट करून न्या आणि जेवण यायच्या आधी जावयांना घेऊन एक फेरी मारा. मागच्या अंगणात आधी जा, दर्शनी भाग सगळेच बघतात. फोटो काढलेत तर कड्यांचे आणि सांध्यांचे काढा, टॉर्च तिरका धरून, आणि इथेच टाका, मी बघून सांगेन.